व्याह्यांच्या घोड्याचा चारा

पाहुण्याच्या आधी पाहुण्याचा घोडा जेवतो, हा आमच्याकडचा नियम इतका प्राचीन आहे की तो कोणी घालून दिला हे विचारण्याची आजवर कोणाची प्राज्ञा झालेली नाही. पाहुण्याने उंबरठा ओलांडण्यापूर्वी यजमान लगाम हाती घेतो, घोडा आडोशाला बांधतो, त्याचा घाम निवला की पुढ्यात गवत टाकतो, आणि मगच ‘आत यावे’ म्हणतो. ज्याच्या दारातून व्याह्यांचा घोडा उपाशी परत गेला, त्याने पुढे आयुष्यभर मेंढ्या कापल्या तरी गेलेले नाक पुन्हा उगवत नाही. या नियमाविषयी मला नितांत आदर होता, आजही आहे. माझी तक्रार एवढीच की ज्या पुण्यपुरुषांनी तो केला, त्यांनी ‘घोडा’ या शब्दाची व्याख्याही करून ठेवायला हवी होती.

कारण त्या बुधवारी नारीनहून आमचे भावी व्याही तुर्गुनबेक यांचा दूरध्वनी आला.

“अगाय,” ते म्हणाले. मी बत्तीस वर्षे शाळेत मातृभाषा शिकवली. त्यामुळे अर्धे बिश्केक मला अगाय, म्हणजे गुरुजी, म्हणते. “शनिवारी येतो. तुमच्या जाझगुलच्या कानांत डूल घालू आणि पक्कं करून टाकू. आणि हो, नवा घोडा घेतलाय. विजेवरचा. घाट उतरून तुमच्या दारात येईस्तोवर बिचाऱ्याच्या पोटात काही उरायचं नाही. तेवढं बघा.”

‘तेवढं बघा’ या दोन शब्दांनी जगात जितकी माणसे धुळीस मिळाली आहेत तितकी चंगीझखानाच्या स्वाऱ्यांनीही मिळाली नसावीत.

तुर्गुनबेक हे अत्यंत सज्जन, परंतु तितकेच मानी गृहस्थ. त्यांच्या थोरल्या मुलाची सोयरीक केवळ चहा कोमट आला म्हणून मोडली होती, ही वार्ता दोन जिल्ह्यांत प्रसिद्ध आहे. आणि जाझगुलचे मन त्यांच्या धाकट्या एर्मेकवर चार वर्षांपासून जडलेले. ती त्या रात्री माझ्यापुढे चहाचा वाडगा ठेवून म्हणाली, “अताके, मला दुसरं काही नको. चहा गरम ठेवा आणि गाडी भरून द्या. एवढं एक पार पाडा.” मुलीने आजवर माझ्याकडे काही मागितले नव्हते. पित्याच्या छातीत अशा वेळी जे काही हलते ते माझ्याही छातीत हलले, आणि मी म्हणालो, “त्यात काय मोठं? भिंतीत छिद्र आहे, छिद्रात वीज आहे.”

माझी पत्नी सोनुनबुबु कणीक मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, “अहो, त्या छिद्रात किटली लावली की शेजारच्या खोलीतला दिवा लाल होतो.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उजव्या हाताचे शेजारी झापार यांना बोलावले. झापार निवृत्त वायरमन आहेत. त्यांनी आमचे मीटर पाहिले, खांब पाहिला, खांबावरून गल्लीच्या टोकाशी गेलेली तार पाहिली, आणि एखादा वैद्य नाडी सोडून देतो तसा खांबावरचा हात काढून घेतला.

“अगाय, व्याह्यांना विमानाने यायला सांगा.”

“झापार, थट्टा पुरे.”

“थट्टा कसली? ती डीपी बघा. खरूज झालेल्या म्हशीसारखी दिसतेय. बारा घरांसाठी बसवली होती. आता किती घरं झाली?”

“चाळीस.”

“आणि प्रत्येक घरात दोन-दोन हीटर. रोज संध्याकाळी ती रडते, ऐकलंय कधी? अंगावर काटा येतो.”

ज्या उपकरणास झापार डीपी म्हणतात त्यास मी रोहित्र म्हणतो. पण रुदनाच्या बाबतीत आमचे एकमत आहे. वास्तविक यात आमच्या गल्लीचा दोष नाही. मागल्या साली सांगण्यात आले की कोळशाच्या धुराने शहर गुदमरते आहे, शेगड्या विझवा आणि विजेवर ऊब घ्या. सर्वांनी घेतली. यंदा सांगण्यात आले की धरणात पाणी उरलेले नाही, वीज जपून वापरा. नागरिक या नात्याने मी दोन्ही उपदेश आदरपूर्वक ऐकले. देहधारी या नात्याने मला थंडी वाजली.

झापार म्हणाले, “रीतसर जायचं तर वाढीव भाराची परवानगी काढा.” निवृत्त मनुष्यास ‘रीतसर’ हा शब्द अमृतासारखा लागतो. मी पाटलोणीस इस्त्री करवली, मानाची टोपी घातली आणि वीज कार्यालयात गेलो.

तिसऱ्या खिडकीत एक प्रौढ बाई चष्म्यावरून पाहत होत्या. “प्रयोजन लिहा,” त्या म्हणाल्या. मी सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘आदरणीय व्याह्यांच्या विद्युत्-वाहनाच्या आतिथ्यार्थ.’

“हे काय? आतिथ्याचा रकाना नाही आमच्याकडे. पिठाची गिरणी आहे का? हमामखाना? वेल्डिंग?”

“पाहुणे आहेत.”

“मग पाहुण्यांना चहा द्या की, अगाय. वीज कसली वाढताय?” बाईंच्या मुलीला मी शिकवले होते, त्यामुळे स्वरात तेवढा मऊपणा होता. “धरणात पाणी नाही. वाढीव भार वसंतापर्यंत बंद.”

“पण बाई, रोज मोठमोठ्या ट्रकांवर लादून विजेच्या मोटारी शहरात उतरताहेत. त्या काय दवावर चालतील?”

“त्या आम्ही आणत नाही. ते खातं रस्त्यापलीकडच्या इमारतीत.”

मी रस्ता ओलांडला. पलीकडच्या इमारतीत उबदार दालनात एक प्रसन्नवदन अधिकारी बसले होते. विजेच्या मोटारीचे नाव काढताच त्यांनी उठून माझे दोन्ही हात हातात घेतले, अभिनंदन केले, आणि एक सचित्र पत्रक दिले. त्यावर हिरवे झाड, झाडाखाली मोटार, आणि मोटारीशेजारी इतके आनंदी कुटुंब होते की त्यांच्या घरी दिवे कधी जातच नसावेत.

“भविष्यकाळ, अगाय! हा भविष्यकाळ आहे!”

“आहेच. तो भरायचा कुठे?”

“घरी! रात्रभर लावून ठेवायचा!”

“घरी वीज पुरत नाही.”

त्यांचा चेहरा किंचित मावळला. “ते खातं,” ते म्हणाले, “रस्त्यापलीकडच्या इमारतीत.”

मी तो रस्ता चार वेळा ओलांडला. पाचव्या वेळी कोपऱ्यावर बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळणाऱ्या बाईने विचारले, “अगाय, तुम्हाला इथं रस्ता ओलांडायची नोकरी लागली का?” इतके बोलणे मला यापूर्वी कोणत्याही तळणारणीने ऐकवले नव्हते. एक गोष्ट मात्र त्या रस्त्याच्या मधोमध उभे राहून मला स्वच्छ उमगली. राष्ट्र हे एका देहासारखे आहे असे आपण मुलांना शिकवतो. ते खरेच आहे. फक्त या देहाचा उजवा हात दारात घोडे बांधत सुटला आहे, डावा हात गवताच्या कोठाराला कुलूप लावतो आहे, आणि मान दुसरीकडेच वळलेली आहे.

शुक्रवारी संध्याकाळी झापार यांनी उपाय काढला. “परवानगी राहू दे. आशार करू.”

आशार ही आमची थोर प्रथा. कोणाला घर बांधायचे असेल तर गल्ली एकत्र येते, मजुरी न घेता भिंती उभ्या करते, आणि यजमान सर्वांना पोटभर जेवू घालतो. परंतु आजवरचे सर्व आशार काहीतरी करण्यासाठी झाले. झापार यांनी सुचवलेला आशार हा, माझ्या माहितीप्रमाणे, सर्वांनी मिळून काहीही न करण्यासाठी भरलेला इतिहासातील पहिला आशार होता.

“हिशेब सोपा आहे,” आमच्या अंगणात जमलेल्या गल्लीला त्यांनी सांगितले. “चार घरांनी चार तास हीटर बंद ठेवले की अगायांच्या व्याह्यांची गाडी भरते.”

“कोणती चार?” समोरच्या काल्बुबु एजेंनी विचारले. एजे म्हणजे थोरली बहीण. काल्बुबु सर्व गल्लीची थोरली बहीण आहेत, आणि ते नाते त्यांनी कोणालाही विसरू दिलेले नाही.

“कोणतीही.”

“माझ्याकडे सासूबाई आहेत नव्वद वर्षांच्या.”

“माझ्याकडे नातू.”

“माझ्याकडे टोमॅटोची रोपं आहेत, ती तर माणसांपेक्षा नाजूक!”

“आणि मी म्हणते,” काल्बुबु एजे म्हणाल्या, “झापारच्या पोरीच्या लग्नात खुर्च्या कोणाच्या नेल्या? आमच्या. दोन मोडून आल्या. आता थंडीत पण आम्हीच मरायचं का? बंद करायचे तर सगळ्यांचे करा!”

“सगळ्यांचे!” एकमुखाने गर्जना झाली.

मनुष्यस्वभावाचे हे गूढ मला बत्तीस वर्षे वर्गात उभे राहूनही कळले नव्हते. एकट्याने अंगरखा काढायला कोणी तयार नसतो. सर्वांनी मिळून हिमयुगात शिरायचे असेल तर गाणी म्हणत शिरतात. शनिवारी दुपारी दोन ते सहा, चाळीसही घरांतील सर्व हीटर, विजेच्या शेगड्या, किटल्या बंद, असा ठराव झाला. ठराव होताच मागून कोणीतरी म्हणाले, “आशार म्हणजे जेवण आलंच.” सोनुनबुबुने माझ्याकडे असे पाहिले की मला ती कार्यालयातली तिसरी खिडकी प्रेमळ वाटू लागली.

शनिवारी पारा शून्याखाली अठरा होता. दुपारी दीडच्या सुमारास दह्याच्या रंगाची एक लहानशी मोटार, अंगभर बर्फ थापून घेतलेली, आवाज न करता दाराशी येऊन थांबली. तिने श्वासही घेतला नाही. आतून कोल्हाच्या कातड्याची टोपी घातलेले तुर्गुनबेक आणि पाठोपाठ विहीणबाई राकिया उतरल्या. गाडीतील ऊब बंद ठेवून, अंगावर तीन-तीन गोधड्या घेऊन त्यांनी शेवटचा टप्पा गाठला होता. ओठ निळे, पण मुद्रा राजेशाही.

आम्ही उराउरी भेटलो, आणि रीतीप्रमाणे कुशलप्रश्न सुरू झाले.

“मुलंबाळं बरी? गुरंढोरं बरी? हिवाळा कसा काय?” व्याही विचारते झाले.

या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे ठरलेले असते. ‘तोक.’ म्हणजे तृप्त, भरल्या पोटी, कशाची वाण नाही. घरात काहीही नसले तरी व्याह्यांना हेच सांगायचे असते.

“तोक!” मी म्हणालो. “सगळी गल्ली तोक!”

व्याही एकदम थबकले. त्यांनी खांबाकडे पाहिले. “सगळी गल्ली? या थंडीत?”

“खुदाच्या कृपेने.”

“रोज?”

“सकाळ-संध्याकाळ.”

“कमी नाही पडत कधी?”

“कमी? उरतं, कुदा! उरतं म्हणून वाटून टाकतो!” कुदा म्हणजे व्याही, आणि व्याह्यांपुढे मनुष्य थोडा वाहवतो. व्याह्यांनी विहीणबाईंकडे अर्थपूर्ण दृष्टीने पाहिले. माझ्या वाणीचा प्रभाव पडला, असे मला वाटले. तो पडलाच होता.

झापार यांनी दाराच्या चौकटीशी जाड तार ओढून ठेवली होती. मोटारीची चिनी खिट्टी आमच्या छिद्रात बसेना. झापार यांनी कानस काढली, तेव्हा व्याही घाबरून म्हणाले, “अरे, दात काय घासताय घोड्याचे!” आणि त्यांनी पिशवीतून जोडखिट्टी काढून दिली. दोन वाजता झापार यांनी गल्लीच्या मध्यावर उभे राहून शिट्टी वाजवली. चाळीस घरांत गारठलेली शांतता पसरली. मोटारीच्या पुढ्यात हिरवा दिवा लुकलुकला. घोडा चरू लागला! माझ्या डोळ्यांत पाणी आले. ते गालावर गोठले.

सव्वादोनला पहिले कुटुंब दारात आले. “घरात बसवेना, अगाय.” अडीचला सात कुटुंबे. तीन वाजता काल्बुबु एजे नव्वद वर्षांच्या सासूला चुलीजवळ बसवत म्हणाल्या, “आम्ही जेवायला नाही आलो हं, नुसत्या शेकायला,” आणि पंगतीचे पहिले पान पकडले. टोमॅटोची रोपेही आली. अंगणात लाकडांवर मोठी कढई चढली होती. सोनुनबुबुने तीन मेंढ्यांचा रस्सा पाणी घालून घालून पाच मेंढ्यांचा केला. दोन खोल्यांत आणि ओट्यावर मिळून दीडशेच्या वर माणसे झाली. माणसांच्या श्वासानेच घर असे तापले की मी मनात म्हणालो, एवढी ऊब शरीरांत होती, तर रोहित्र हवे कशाला?

तुर्गुनबेक मानाच्या जागी बसून हे सर्व पाहत होते. “कुदा,” ते हलकेच म्हणाले, “ही सगळी माणसं?”

“आपल्यासाठी,” मी म्हणालो. अक्षरशः पाहता हे असत्य नव्हते.

“एवढा मान?”

“अहो मान कसला,” काल्बुबु एजे हाड चोखीत म्हणाल्या, “आमच्या घरात तर बर्फ...”

सोनुनबुबुने तत्परतेने त्यांच्या तोंडात बोर्सोक घातला. “बर्फासारखं पांढरं पीठ आलंय म्हणते ती! घे ना, एजे, अजून घे!”

पाच वाजता अंधारू लागले. व्याह्यांनी खिडकीतून पाहिले. “गल्लीत एकही दिवा नाही, हे कसं?”

संकटसमयी बुद्धी पांगळी होते असे म्हणतात. माझी धावली. “सगळे इथेच आहेत. रिकाम्या घरात दिवा कशाला जाळायचा?”

“वा!” व्याही गहिवरले. “भरपूर असून जपून वापरणं! याला म्हणतात संस्कार!” मी नम्रपणे मान खाली घातली. जी माणसे खरे बोलतात त्यांना मान खाली घालण्याचे हे सुख कधी मिळत नसावे.

सहाला दहा कमी असताना झापार खोकत आत आले आणि डोळ्यांनी खूण केली : भरली. त्याच क्षणी विहीणबाईंनी रुमालाची पुरचुंडी सोडली. जाझगुल समोर गुडघे टेकून बसली. दीडशे माणसांनी माना उंचावल्या; रस्सासुद्धा उकळायचा थांबला असावा. राकियाबाईंची बोटे एवढ्या उबेतही प्रवासाच्या गारठ्याने अजून आखडलेली होती. पहिला डूल दोनदा निसटला. “थांब गं, लेकी, हात ऐकत नाहीत,” त्या म्हणाल्या. जाझगुलने त्यांचे दोन्ही हात आपल्या तळव्यांत धरून फुंकर घालून ऊन केले. मग दोन्ही डूल कानांत गेले. वृद्धांनी आशीर्वचन उच्चारले, सर्वांनी तळवे चेहऱ्यावरून फिरवले. माझ्या मुलीने मला शोधण्यासाठी मान वळवली तेव्हा ते चांदीचे डूल हलत होते. माझ्या आयुष्यातील तो सर्वांत पवित्र क्षण होता. तो सुमारे अर्धा मिनिट टिकला.

कारण तुर्गुनबेक उभे राहिले.

“मंडळी,” ते म्हणाले, “एक मनातलं सांगतो. हा विजेचा घोडा घेतला आणि मी फसलो. नारीनमध्ये संध्याकाळी एखाद्या घरात दिवा नीट लागला तर लोक बघायला येतात. थंडीत हा अर्ध्या वाटेत बसकण मारतो. विकायला गेलो तर आमच्याकडे कोणी घेत नाही. ज्याला त्याला ठाऊक आहे. म्हटलं, या मुक्या जिवाचं करायचं काय? आणि आज इथं पाय ठेवतो न ठेवतो तोच अगाय म्हणाले, सगळी गल्ली तोक! रोज तोक! उरतं म्हणून वाटून टाकतो!”

आमच्या भाषेत तृप्तास तोक म्हणतात, हे मी सांगितलेच. परंतु रशियन लोकांनी तारांबरोबर आणखी एक तोक आणून आमच्या भाषेत टांगून ठेवला आहे, आणि त्या तोकचा अर्थ वीज. समानोच्चारी, भिन्नार्थी शब्द. हा धडा मी बत्तीस वर्षे सातवीला शिकवला. परीक्षेत हमखास विचारला. ज्यांना आला नाही त्यांना बाकावर उभे केले.

“व्याह्याला घोड्यावर बसवावं, अंगावर अंगरखा घालावा, ही आपली रीत,” तुर्गुनबेक म्हणाले, आणि विहीणबाईंनी माझ्या खांद्यांवर भरजरी अंगरखा टाकला. “घोडा तुमच्याच दारात सुखी राहील, कुदा.” त्यांनी माझ्या तळहातावर किल्ली ठेवून मूठ मिटली.

अजून वेळ होता. खरे सांगता आले असते : की हा घोडा चाळीस घरांच्या तोंडचा घास काढून भरला आहे, की ही माणसे मानासाठी नव्हे, उबेसाठी जमली आहेत, की माझा तोक वेगळा होता. मी तोंड उघडले. मग मला तो कोमट चहा आठवला, आणि गर्दीतून जाझगुल दिसली. तिला तत्क्षणी सर्व कळले होते, कारण व्याकरण तीही माझ्याकडेच शिकली. तिने हात वर नेऊन एक डूल बोटांनी घट्ट धरला होता. जणू मी बोललो की तो कोणी काढून घेईल.

“काय, कुदा?” व्याह्यांनी विचारले. “पुरेल ना?”

“तोक,” मी म्हणालो. “भरपूर.”

मागे झापार यांना ठसका लागला.

व्याही-विहीण दुसऱ्या दिवशी पेट्रोलच्या भाड्याच्या गाडीतून, तिच्यातील ऊब पूर्ण उघडून, हसतमुखाने नारीनला गेले. लग्न मे महिन्याच्या सुमारास ठरले आहे. व्याह्यांनी दिलेला घोडा विकता येत नाही, कोणाला देता येत नाही, आणि वरातीला त्याच घोड्यावरून नारीनला गेले पाहिजे. शिवाय झापार सांगतात की हा प्राणी चालवला नाही तरी थंडीत आपोआप रिकामा होतो आणि फार दिवस रिकामा राहिला तर मरतो. मी पुन्हा तिसऱ्या खिडकीत गेलो होतो. या वेळी प्रयोजनाच्या रकान्यात मी नुसते ‘नाइलाज’ असे लिहिले. बाई म्हणाल्या, हाही रकाना नाही.

तेव्हा गल्लीने ठराव बदलला. दर गुरुवारी चार घरे हीटर बंद ठेवतील, पाळीपाळीने, आणि आशारच्या नियमाप्रमाणे ती चार घरे त्या दिवशी आमच्याकडे जेवतील. झापार यांनी यादी करून खांबाला चिकटवली आहे. ते म्हणतात, बर्फ वितळले की धरण भरेल आणि सगळे सुरळीत होईल. मी यावर काही गंभीर विचार मांडणार होतो, पण सोनुनबुबु म्हणाली, “धरण भरो नाहीतर न भरो, परवा सतरा ते वीस नंबरची घरं आहेत. काल्बुबु त्यांतच येते. कांदे जास्त आणा.”